रेपो दर, जोखीमभार आणि न छापलेली कारणे

१६ नोव्हेंबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने एक परिपत्रक काढून बँकांच्या विनातारण ग्राहक कर्जांवरील जोखीमभार (कर्ज किती जोखमीचे मानायचे याचे प्रमाण, त्यावरून बँकेने किती भांडवल राखायचे ते ठरते) १०० टक्क्यांवरून १२५ टक्क्यांवर नेला. बँकांच्या क्रेडिट कार्डावर ग्राहकांकडून येणे असलेल्या रकमांसाठी तो १२५ वरून १५० टक्के झाला, आणि बँका ज्या बिगरबँक वित्तसंस्थांना कर्जे देतात त्यांच्यापैकी बऱ्याच संस्थांच्या बाबतीत तो २५ टक्क्यांनी वाढला. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजाने अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर, मात्र जिथे होता तिथेच, म्हणजे ६.५० टक्क्यांवर राहिला. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो त्या पातळीवर गेला होता आणि फेब्रुवारी २०२५ पर्यंत तिथून हलला नाही. वर्तमानपत्रांत पतधोरणाच्या बातम्या पहिल्या पानावर येतात. हे परिपत्रक बहुतेक ठिकाणी अर्थविषयक पानाच्या आत गेले. मला स्वतःला मात्र गेल्या काही वर्षांतला रिझर्व्ह बँकेचा हा सर्वांत विचार करण्याजोगा निर्णय वाटतो, आणि त्याच्या निमित्ताने मध्यवर्ती बँकांमध्ये वीसेक वर्षे चाललेल्या एका संशोधनविषयक वादाकडे, म्हणजे कर्जांचा फुगा रोखायला व्याजदर वापरावा की नियम या प्रश्नाकडे, मराठी वाचकाचे लक्ष वेधावे, अशी इच्छा आहे.

आधी हा जोखीमभार प्रत्यक्षात काय करतो ते पाहू. भारतातील व्यापारी बँकेला तिच्या जोखीमभारित मालमत्तेच्या किमान ९ टक्के भांडवल राखावे लागते. एक लाख रुपयांच्या वैयक्तिक कर्जावर १०० टक्के भार असेल, तर बँकेच्या स्वतःच्या भांडवलातले ९,००० रुपये त्या कर्जामागे अडकतात, आणि भार १२५ टक्के झाला की ११,२५० रुपये अडकतात. कार्डाच्या येण्यावर १५० टक्के भार असेल तर हीच रक्कम १३,५०० रुपये होते. मी काही वर्षे एका बँकेच्या कर्जविभागात काम केले आहे आणि असा बदल तिथे कसा पोहोचतो हे पाहिले आहे. कर्ज देण्यास बंदी कुणी घालत नाही, पण वरून येणारी उद्दिष्टे बदलतात, व्याजाचा दर थोडा चढतो, आणि काल ज्या अर्जावर सहज सही झाली असती तो अर्ज आज पुन्हा एकदा तपासला जातो.

हेच काम रेपो दर वाढवून करता आले नसते का, हा प्रश्न स्वाभाविक आहे. २०२३ मध्ये विनातारण किरकोळ कर्जे वर्षाला वीस टक्क्यांहून अधिक वेगाने वाढत होती. कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत २०२२–२३ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ५ टक्क्यांपर्यंत खाली आली होती. चिंता होती ती या एका कोपऱ्याची. रेपो दर वाढला असता तर त्याचा पहिला फटका मात्र भलत्यालाच बसला असता. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या व्याजदराची नवी गृहकर्जे आणि लघुउद्योगांची कर्जे बाह्य निर्देशांकाशी, म्हणजे बहुतांशी रेपो दराशी, जोडलेली आहेत. भोसरीतल्या छोट्या कारखानदाराचा किंवा ठाण्यात घर घेतलेल्या कुटुंबाचा हप्ता रेपोबरोबर लगेच वाढतो. मोबाइलवर पाच मिनिटांत पन्नास हजारांचे कर्ज घेणारा ग्राहक मात्र आधीच इतके जास्त व्याज देत असतो की पाव टक्क्याची वाढ त्याच्या लक्षातही येत नाही.

ही वाट रिझर्व्ह बँकेला नवी नव्हती. डिसेंबर २००४ मध्ये, डॉ. य. वे. रेड्डी गव्हर्नर असताना, गृहकर्जांवरील जोखीमभार ५० वरून ७५ टक्के आणि ग्राहक कर्जांवरील १०० वरून १२५ टक्के करण्यात आला. जुलै २००५ मध्ये व्यापारी स्थावर मालमत्तेच्या कर्जांवरील भार १२५ टक्के झाला आणि मे २००६ मध्ये १५० टक्के. नियमित फेडल्या जाणाऱ्या कर्जांसाठीही अधिक तरतूद करायला, म्हणजे संभाव्य तोट्यासाठी जास्त रक्कम बाजूला ठेवायला, सांगण्यात आले. त्या काळात वॉशिंग्टन किंवा लंडनमध्ये मान्य असलेला विचार असा होता की, मध्यवर्ती बँकेने महागाई सांभाळावी, मालमत्तेच्या किमतींचा फुगा फुटल्यावर सावरायला यावे, पण तो फुगत असताना त्यात पडू नये. मध्यवर्ती बँकांची बँक समजल्या जाणाऱ्या, बासेलच्या आंतरराष्ट्रीय समझोता बँकेतील क्लॉडिओ बोरिओ आणि विल्यम व्हाइट यांच्यासारखे मोजके अभ्यासक याच्या उलट सांगत होते. महागाई कमी असतानाही कर्जे आणि मालमत्तेच्या किमती एकाच वेळी दीर्घकाळ फुगत राहिल्या तर संकट ओढवते, असा निष्कर्ष त्यांनी अनेक देशांच्या आकडेवारीवरून काढला होता. २००८ नंतर त्यांचे म्हणणे सर्वमान्य झाले. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईने हे भार पुन्हा खाली आणले. चढत्या काळात साठवलेले भांडवल पडत्या काळात मोकळे करायचे, ही कल्पना आज पाठ्यपुस्तकात आहे, पण इथे ती त्यापूर्वी वापरली गेली होती. याचा मला अभिमान वाटतो आणि तो लपवण्याचे कारण नाही.

तरीही अभिमान आणि पुरावा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. २००४ ते २००८ या काळात जोखीमभार वाढत होते, त्याबरोबर रेपो दरही ६ टक्क्यांवरून ९ टक्क्यांपर्यंत गेला आणि रोख राखीव प्रमाणही (ठेवींचा जो हिस्सा बँकांनी रिझर्व्ह बँकेकडे ठेवायचा तो) वाढले. स्थावर मालमत्तेला मिळणारा पतपुरवठा मंदावला तो नेमका कशामुळे, हे त्या काळाच्या आकडेवारीतून वेगळे काढणे अवघड आहे. म्हणूनच २०२३ चा प्रसंग संशोधकाच्या दृष्टीने दुर्मीळ आहे. तेव्हा पुढचे पंधरा महिने रेपो दर स्थिर होता आणि भार फक्त ठरावीक प्रकारच्या कर्जांवर वाढला होता. दोन उपायांपैकी एक जागेवर आणि दुसरा हललेला, अशी परिस्थिती मध्यवर्ती बँकेच्या इतिहासात क्वचितच मिळते.

याच्या नेमकी उलटी गोष्ट स्वीडनमध्ये घडली. जगातली सर्वांत जुनी मध्यवर्ती बँक असलेल्या रिक्सबँकेने जुलै २०१० ते जुलै २०११ या वर्षभरात आपला दर ०.२५ टक्क्यावरून २ टक्क्यांवर नेला. अर्थव्यवस्था २००९ च्या धक्क्यातून सावरत होती हे त्याचे एक कारण होते, पण कुटुंबांच्या डोक्यावरचे गृहकर्ज फार वाढले आहे ही चिंताही बँकेच्या युक्तिवादात अधिकाधिक दिसू लागली. बँकेचे उपगव्हर्नर लार्स स्वेन्सन यांनी याला सातत्याने विरोध केला. त्यांचा मुद्दा समजून घेण्यासारखा आहे. दर वाढवल्याने नवी कर्जे थोडी कमी होतात हे खरे, परंतु घरावरचे कर्ज वीस-तीस वर्षांचे असल्याने एकूण साठ्यावर त्याचा परिणाम अगदी हळू होतो. दरम्यान बेकारी वाढते, उत्पन्न आणि किमती अपेक्षेपेक्षा कमी वाढतात. कर्जाचा आकडा तोच राहून उत्पन्न मात्र कमी वाढले तर कर्जाचा खरा भार उलट वाढतो. म्हणजे ज्या रोगासाठी औषध दिले तोच रोग बळावण्याची शक्यता असते. स्वेन्सन २०१३ मध्ये बँकेतून बाहेर पडले. त्यानंतर स्वीडनची महागाई २ टक्क्यांच्या लक्ष्याच्या बरीच खाली, शून्याजवळ आली, आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये त्याच बँकेला दर शून्याखाली न्यावा लागला.

या गोष्टीकडे रिक्सबँकेची चूक म्हणून बोट दाखवणे सोपे आहे. मला त्यात संस्थात्मक रचनेचा भाग अधिक मोठा वाटतो. स्वीडनमध्ये बँकांवर देखरेख करणारी संस्था वेगळी आहे, आणि घराच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपेक्षा अधिक कर्ज देऊ नये हा २०१० चा नियमही तिनेच केला. मध्यवर्ती बँकेच्या हातात मुख्यतः व्याजदरच होता. ज्याच्या हाती एकच साधन आहे तो प्रत्येक प्रश्नाला तेच लावून पाहणार. आपल्याकडे पतधोरण, बँकांचे नियमन आणि बिगरबँक संस्थांचे नियमन ही तिन्ही कामे एकाच इमारतीत आहेत. २०२३ चा निर्णय शक्य झाला तो यामुळे, आणि माझ्या मते ही रचना मोडू नये.

दुसऱ्या बाजूचा, म्हणजे व्याजदर वापरावा म्हणणाऱ्यांचा, सर्वांत मजबूत युक्तिवाद अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचे तत्कालीन सदस्य जेरेमी स्टाइन यांनी फेब्रुवारी २०१३ मधील एका भाषणात मांडला. नियम ज्या संस्थांना लागू असतात त्यांच्यापुरतेच चालतात, परंतु व्याजदर हा प्रत्येक फटीत शिरतो, असा त्याचा आशय होता. भारतात या म्हणण्याची प्रचिती २०१८ मध्ये आली. २०१५ पासूनच्या मालमत्ता गुणवत्ता तपासणीनंतर बँकांची लपलेली थकीत कर्जे उघड झाली, ढोबळ अनुत्पादित कर्जांचे (ज्यांची परतफेड थांबली आहे अशा कर्जांचे) प्रमाण मार्च २०१८ मध्ये ११ टक्क्यांच्या वर गेले आणि अनेक सरकारी बँकांच्या कर्जवाटपावर निर्बंध आले. बँकांनी सोडलेली जागा बिगरबँक वित्तसंस्थांनी भरली. त्या अल्पमुदतीचे पैसे उचलून दीर्घमुदतीची कर्जे देत होत्या. मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातून चालणारा, पायाभूत सुविधांना वित्तपुरवठा करणारा आयएल अँड एफएस समूह सप्टेंबर २०१८ मध्ये देणी थकवू लागला तेव्हा त्याच्यावर ९० हजार कोटींहून अधिक कर्ज होते, आणि काही आठवड्यांपूर्वीपर्यंत त्याच्या कर्जरोख्यांना उत्तम पतदर्जा होता. नियमांचा बांध एका बाजूने उंच केला की पाणी दुसऱ्या बाजूने वाट काढते, हे तेव्हा फार महागात पडून कळले.

२०२३ च्या परिपत्रकात बिगरबँक संस्थांनाही धरले गेले, ते बहुधा या अनुभवामुळे. तरीही गळती पूर्ण थांबली असे म्हणता येत नाही. पुढच्या दीड वर्षात विनातारण कर्जांची आणि बिगरबँक संस्थांना मिळणाऱ्या बँककर्जांची वाढ स्पष्टपणे मंदावली, आणि त्याच काळात सोनेतारण कर्जे मात्र झपाट्याने वाढली. त्याला इतरही कारणे होती. सोन्याचा भाव चढत होता, आणि पूर्वी शेतीकर्ज म्हणून दाखवलेली काही कर्जे बँकांनी सोनेतारण कर्जांच्या सदरात आणली. तरी वैयक्तिक कर्ज नाकारला गेलेला माणूस घरातल्या बांगड्या घेऊन शेजारच्या काउंटरवर गेला का, आणि गेला असेल तर किती प्रमाणात, हा प्रश्न उरतोच. या एका प्रश्नाच्या उत्तरावर २०२३ चा उपाय कितपत यशस्वी झाला हे ठरते. हे उत्तर शोधायला लागणारी खातेनिहाय माहिती पतमाहिती कंपन्यांकडे आणि नियामकाकडे आहे. बाहेरच्या अभ्यासकाला ती सहज मिळत नाही.

व्याजदर प्रत्येक फटीत शिरतो हे मान्य केले तर तो शिरून काय करतो हेही पाहायला हवे. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२२ मध्ये सरकारच्या करकपातीच्या घोषणेनंतर सरकारी रोख्यांवरचे व्याजदर चढले आणि त्यामुळे त्यांच्या किमती कोसळल्या, आणि कर्ज काढून रोख्यांत गुंतलेल्या निवृत्तिवेतन निधींवर तातडीने पैसे भरण्याची वेळ आली. ते पैसे उभे करण्यासाठी त्यांनी आणखी रोखे विकायला काढले आणि किमती आणखी पडल्या. बँक ऑफ इंग्लंड त्या वेळी महागाईशी लढण्यासाठी दर वाढवत होती आणि आपल्याकडचे रोखे विकण्याच्या तयारीत होती. तरीही २८ सप्टेंबर रोजी तिने तात्पुरती रोखेखरेदी जाहीर केली, १४ ऑक्टोबरला ती बंद केली आणि तोवर १९.३ अब्ज पौंडांचे रोखे घेतले. नंतर ३ नोव्हेंबरला व्याजदर पाऊण टक्क्याने वाढवला, आणि खरेदी केलेले ते रोखे जानेवारी २०२३ पर्यंत विकूनही टाकले. एका हाताने बाजारात पैसा घालायचा आणि दुसऱ्या हाताने पैसा महाग करायचा, यात विसंगती नाही, कारण दोन्ही हातांची कामे वेगळी आहेत आणि कोणते काम किती दिवस चालणार हे आधी सांगितलेले होते. मला ही घटना या संपूर्ण चर्चेतला सर्वांत स्वच्छ धडा वाटते.

अमेरिकेत मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, तीही अशाच दरवाढीच्या ओघात. तिच्या ताळेबंदात दीर्घमुदतीच्या रोख्यांचा मोठा साठा होता, त्यांची किंमत दर चढताना घसरत गेली आणि ठेवीदारांनी एकाच दिवसात प्रचंड रकमा काढल्या. इथे मला अधिक महत्त्वाचे वाटते ते नंतरचे. सुमारे सात आठवड्यांत, २८ एप्रिल रोजी, फेडरल रिझर्व्हने आपल्याच देखरेखीत काय चुकले याचा अहवाल प्रसिद्ध केला. स्वीडनमध्येही संसदेच्या वित्त समितीने मार्विन गुडफ्रेंड आणि मर्व्हिन किंग या बाहेरच्या दोन तज्ज्ञांकडून २०१० ते २०१५ च्या पतधोरणाची समीक्षा करून घेतली आणि ती जानेवारी २०१६ मध्ये सर्वांसाठी खुली झाली.

आपल्या निर्णयांचा उघड हिशेब देण्याच्या बाबतीत आपल्याकडची स्थिती अर्धी समाधानकारक आणि अर्धी असमाधानकारक आहे. २०१६ च्या कायदादुरुस्तीने महागाईचे ४ टक्क्यांचे लक्ष्य, त्याभोवतीचा २ ते ६ टक्क्यांचा पट्टा आणि सहा सदस्यांची पतधोरण समिती निर्माण झाली. समितीचा ठराव त्याच दिवशी जाहीर होतो, कोणी कसे मत दिले हे कळते, आणि चौदाव्या दिवशी प्रत्येक सदस्याचे निवेदन छापले जाते. दर पाव टक्क्याने हलला किंवा हलला नाही, तरी त्यामागचा युक्तिवाद कोणालाही वाचता येतो. जोखीमभाराच्या निर्णयाला यातले काहीच लागू नाही. परिपत्रक येते, त्यात दोन-चार वाक्यांत पार्श्वभूमी असते आणि पुढे तक्ता. २५ टक्केच का, १५ किंवा ५० का नाही? त्यातून पतपुरवठा किती कमी होईल असा अंदाज होता? भार कोणत्या परिस्थितीत परत खाली आणला जाईल? बिगरबँक संस्थांना दिलेल्या कर्जांवरचा वाढीव भार फेब्रुवारी २०२५ मध्ये मागे घेण्याचे जाहीर झाले आणि १ एप्रिलपासून तो मागे घेतला गेला, वैयक्तिक कर्जांवरचा मात्र ठेवला गेला. या फरकामागे नक्कीच विचार असेल. तो विचार वाचायला मिळत नाही, ही माझी तक्रार आहे.

रिझर्व्ह बँक संशोधनात कमी पडते असे मी म्हणत नाही. १९४५ मध्ये, चिंतामणराव देशमुख गव्हर्नर असताना, बँकेत संशोधन आणि सांख्यिकीचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आणि पुण्याची राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्था याही तिच्याच प्रेरणेने झाल्या. मार्च २०१० पासून निघणारा वित्तीय स्थैर्य अहवाल हा वाचनीय आणि बऱ्याच अंशी निर्भीड दस्तऐवज आहे. जुलै २०२० च्या अहवालाचेच उदाहरण घ्या. ऐन कोविडमध्ये त्याने सांगितले की ढोबळ अनुत्पादित कर्जांचे प्रमाण मार्च २०२० मधील ८.५ टक्क्यांवरून वर्षभरात १२.५ टक्क्यांवर जाऊ शकते, आणि अतितीव्र ताणाच्या स्थितीत १४.७ टक्क्यांवर. प्रत्यक्षात मार्च २०२१ मध्ये ते ७.५ टक्के होते. या आकड्यांवरून अहवालाची टिंगल करणारे लेख तेव्हा आले होते आणि मला ते अन्यायाचे वाटले. ताणचाचणी हा भविष्याचा अंदाज नसतो. ठरावीक वाईट परिस्थिती आली तर बँकांचे भांडवल पुरेल का, याचे ते गणित असते. शिवाय हप्तेस्थगिती, कर्जांची पुनर्रचना आणि सरकारी हमीची कर्जे हे सगळे मध्ये आले. वाईट आकडा उघडपणे छापण्याचे धैर्य बँकेने दाखवले, आणि चाचणीचे निष्कर्ष व वास्तव यांतला फरक नंतर कोणालाही तपासता आला तो त्यामुळेच. तेच धैर्य जोखीमभाराच्या बाबतीत का दाखवू नये?

ऑगस्ट २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने पतधोरणाच्या चौकटीवर चर्चापत्र काढून लोकांची मते मागवली. त्यात चार प्रश्न होते. एकूण महागाई पाहावी की गाभ्याची (अन्न आणि इंधन वगळून मोजलेली), ४ टक्के हे लक्ष्य योग्य आहे का, भोवतीचा पट्टा बदलावा का, आणि नेमके लक्ष्य सोडून फक्त पट्टाच ठेवावा का. चारही प्रश्न रास्त आहेत. वित्तीय स्थैर्याचा त्यांच्यात समावेश नाही, आणि तो समितीच्या लक्ष्यात घालू नये या मताचा मीही आहे, कारण तसे केले तर आपली समिती स्वीडनच्या वाटेला लागेल आणि महागाईचे लक्ष्य हुकले की स्थैर्याचे कारण पुढे करता येईल. पण समितीबाहेर घेतल्या जाणाऱ्या निर्णयांचा हिशेब कोण मागणार, हा पाचवा प्रश्न विचारायला हवा होता.

त्यासाठी कायदा बदलण्याचीही गरज नाही. जोखीमभार किंवा तरतुदीचे प्रमाण बदलणाऱ्या प्रत्येक मोठ्या परिपत्रकानंतर साधारण अठरा महिन्यांनी बँकेच्या संशोधन विभागाने त्याच्या परिणामांचे मूल्यमापन प्रसिद्ध करावे, आणि त्यात कर्जदारांच्या उत्पन्नगटानुसार, जिल्ह्यानुसार व कर्जाच्या प्रकारानुसार पतपुरवठा कसा बदलला हे नाव-पत्ते काढून टाकलेल्या आकडेवारीसह द्यावे. निर्णय घेणाऱ्या विभागाने त्या मूल्यमापनाला लेखी उत्तर द्यावे. वित्तीय स्थैर्य अहवाल जून आणि डिसेंबरमध्ये निघतोच, त्यात यासाठी एक प्रकरण सहज बसेल. सुरुवात नोव्हेंबर २०२३ च्या परिपत्रकापासून करावी, कारण त्या काळात रेपो दर स्थिर असल्याने उत्तर मिळण्याची शक्यता सर्वांत अधिक आहे.